मामाच्या हातचा घास

वर्ध्यात त्या दिवसांत ज्याला त्याला देश घडवायचा होता. माझ्या वडिलांनाही घडवायचा होता, पण कचेरीतून त्यांना सुट्टी मिळत नव्हती, म्हणून त्यांनी मला पाठवलं. मी मॅट्रिक झालेली, लग्न काही जमत नव्हतं, आणि ब्लॉकच्या ऑफिसात ग्रामसेविकांची भरती चालू होती. घरी बसून आईची बोलणी खाण्यापेक्षा खेड्यात जाऊन परक्यांची खाल्लेली बरी, असा विचार करून मी अर्ज टाकला.

प्रशिक्षण म्हणजे नुसती थट्टा होती. आहार शिकवायला ज्या बाई होत्या त्यांनी ज्वारीच्या कण्या कधी पाहिल्या नव्हत्या आणि अंबाडीची भाजी म्हणजे जनावराचा चारा असावा अशी त्यांची समजूत होती. सकाळी संत्र्याचा रस, दुपारी टोमॅटोचं सार, संध्याकाळी अंड्याचा बलक, असं त्या आमच्याकडून पाठ करून घ्यायच्या. ज्या घरी यातलं काहीच नाही तिथं काय द्यायचं, असं मी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "तिथं दूध द्यायचं." त्यानंतर मी काही विचारलं नाही.

निघताना आम्हाला तक्त्यांची एक गुंडाळी दिली. पहिल्याच तक्त्यावर एक गोरंपान मूल होतं, मांडीला वळ्या पडलेलं, हातात टोमॅटो घेऊन हसत बसलेलं. माझं गाव पवनारच्या पुढे धाम नदीच्या अंगाला होतं. तिथल्या शाळेच्या ओसरीत मी तो तक्ता टांगला तेव्हा बायका बराच वेळ बघत राहिल्या. मग एकीनं विचारलं, "कोणाचं पोर हाय हे?"

"कोणाचं नाही. चित्र आहे."

"मंग बिचाऱ्याले उघडं काऊन बसोलं?"

इथून माझ्या कामाला सुरुवात झाली. निंदणाचं काम नसेल त्या दुपारी बायका यायच्या, वाती वळत बसायच्या आणि मी काहीही बोलले तरी "हो बाई" म्हणायच्या. त्या "हो बाई"नं माझं डोकं फिरायचं. एकदा मी मुद्दाम म्हटलं की मुलांना रोज एक वाटी माती खायला घाला. त्यालाही "हो बाई" आलं. त्या दिवशी मी तक्ते गुंडाळून कोनाड्यात टाकले आणि साधं बोलायला लागले. वरण घट्ट ठेवा, त्यात भाकर कुस्करा, वरून तेल सोडा. कण्या मऊ शिजवा. मोठ्यांच्या ताटातलं तिखट देऊन पोराला रडवू नका. एका जेवणात पोट भरत नसतं त्याचं, मधे मधे देत जा. हे ऐकून मात्र वाती वळणारे हात थांबले, कारण यातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या घरात होती.

मागच्या खांबाला टेकून एक बाई बसायची. वाती वळायची नाही आणि "हो बाई" म्हणायची नाही, हे आधीच माझ्या लक्षात आलं होतं. तिच्या मांडीवर मुलगा असायचा. वर्ष उलटून गेलेलं, पण कोणी सहा महिन्यांचं म्हणावं असं ते पोर होतं. केस तांबूस आणि विरळ, हातापायाच्या काड्या, पोट तेवढं पुढे. उभं करायला गेलं की पाय मुडपून घ्यायचं. रडायचं तेही मांजराच्या पिलाएवढं. घर काही गरिबाचं नव्हतं. दारात बैलजोडी, कापसाचं शेत, वर तुरी. म्हणजे खायला होतं, आणि पोर वाळत चाललं होतं.

एका दुपारी सगळ्या गेल्यावर ती मागे राहिली. मला वाटलं औषध मागेल. तिनं विचारलं, "बाई, मामा आल्याबिगर पोराले अन्न चारलं, तं काय होते?"

आपल्याकडे पोराला अन्नाचा पहिला घास मामानं द्यायचा असतो. उष्टावण करायचं, मामानं भाच्याला मांडीवर घ्यायचं, खिरीचं बोट चाटवायचं आणि मग पोर अन्नाला लागलं. रीत म्हणून यात वाईट काहीच नाही, झाली तर छानच. पण हिचा मुलगा वर्षाचा होऊन गेला तरी ते झालं नव्हतं. आईचं दूध आटलेलं, वरचं दूध पाणी घालून पाजायचे आणि अन्नाचा कण म्हणून त्याच्या तोंडात गेला नव्हता.

मी म्हटलं, "काहीसुद्धा होत नाही. आजपासून सुरू करा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी किती बिनडोक आहे ते तिला तेवढ्यात समजलं असावं. "पोराले काई होत नाई, ते मले बी समजते," ती म्हणाली. "मले होते, बाई. माहं माहेर तुटते."

मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मी कपाळावर हात मारला. माघात तिच्या नणंदेचं लग्न झालं. तिचा भाऊ, एकुलता एक, सिंदीहून आला. मानपानाच्या वेळी सगळ्या सोयऱ्यांच्या खांद्यावर दुपट्टे टाकले. दुसऱ्या कोणा सोयऱ्याला काठाचा मिळाला आणि याला बिनकाठाचा. झालं. भाऊ पंगतीतून उठला आणि तडक गाडी गाठून निघून गेला. लग्न आटोपल्यावर लगेच उष्टावण करायचं ठरलं होतं, ते राहिलं. आता त्याचं म्हणणं असं, की जावयानं स्वतः नारळ घेऊन सिंदीला यावं, काठाचा दुपट्टा टाकावा, तरच मी येईन. चुलतभावांनाही त्यानं ताकीद दिलेली, की माझ्या जागी कोणी जाल तर याद राखा. इकडे जावयाचं म्हणणं, आम्ही वरपक्षाची माणसं, मुलीवाल्याच्या दारात जाऊन आम्ही नाक घासणार नाही.

म्हणजे हे असं होतं. माघ गेला, उन्हाळा गेला, पाऊस लागला, आणि दोन धडधाकट पुरुष एका कापडाच्या काठावर अडून बसले होते. मधे ते पोर.

मी आधी नवऱ्याला गाठलं. तो बैलांना पाणी पाजत होता. माणूस बोलायला नरम, आणि पोरावर त्याचा जीव होता, हे मी नाकारत नाही. त्यानं मला कौतुकानं घरात नेलं आणि फळीवरची बाटली दाखवली. वर्ध्याच्या दुकानातून त्यानं पोरासाठी टॉनिक आणलं होतं. बाटलीवर एक गुबगुबीत बाळ होतं, माझ्या तक्त्यावरच्या बाळाचा भाऊ शोभावा असं.

"लय महागाचं हाय," तो म्हणाला. "पैशाकडं नाई पायलं म्या."

"मग वर्ध्याहून तशीच पुढची गाडी धरून सिंदीला का गेला नाहीत?"

त्याचा चेहराच बदलला. "बाई, तुम्ही शिकलेल्या, तुमाले हे समजणार नाई. म्या त्याच्या दारात गेलो तं गाव काय म्हणन मले?"

गाव काय म्हणेल. पोराच्या छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या, त्यावर गाव काही म्हणत नव्हतं आणि त्यालाही काही वाटत नव्हतं. सासू दाराशी बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मामाबिगर तोंड उष्टं केलेलं पोर कधी धड राह्यते काय? आमच्या घरी असं झालं नाई." मी म्हटलं, असंही कधी झालं नसेल तुमच्या घरी, की पोर वर्षाचं झालं तरी उभं राहत नाही. ती तांदूळ निवडत राहिली. सून चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही.

ग्रामसेविकेच्या कामात सोयऱ्यांची भांडणं मिटवणं बसत नव्हतं. पण टोमॅटोचं सार बसत होतं, तेव्हा मी त्या कामाची फारशी पत्रास ठेवली नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी वर्ध्याला गेले आणि पॅसेंजरनं सिंदीला उतरले.

भाऊ एका कापसाच्या अडत्याकडे पेढीवर होता. हंगाम नव्हता, पेढी ओस होती, तो लोडाला टेकून पेपर वाचत होता. म्हणजे वेळ नव्हता अशीही सबब त्याच्यापाशी नव्हती. पांढरंस्वच्छ धोतर, केसांना तेल. मला बघून उठला, चहा सांगितला, पंखा माझ्याकडे सरकवला. मी कोण आणि कशाला आले हे सांगितल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा: "जवाई आले काय तुमच्यासंगं?"

मी नाही म्हटलं.

"मंग तुमी काऊन तकलीफ घेतली?"

आणि त्यानं दुपट्ट्याची कथा लावली. तो दुपट्टा कोणत्या दुकानातला, पोत कसा होता, दुसऱ्याच्या दुपट्ट्याचा काठ केवढा रुंद होता, त्याच्या खांद्यावर टाकताना कोण हसलं. इतकं बारीक वर्णन मी आजवर साडीचंही कोणाकडून ऐकलेलं नाही. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाच्याला दात किती आले, ठाऊक आहे?"

तो उठला. मला वाटलं, लागलं कुठंतरी. त्यानं आतलं कपाट उघडलं आणि कापडात गुंडाळलेली एक वस्तू माझ्यापुढे ठेवली. चांदीची वाटी होती, सोबत छोटा चमचा. "हे पाहा. लग्नाच्या आधीच घेऊन ठेवली हाय. तुमाले वाटत असन का मामाले माया नाई. निसतं बोलावणं येऊ द्या."

त्या वाटीकडे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माया होती म्हणे. कपाटात होती, कापडात गुंडाळून, कुलपात. मी म्हटलं, "तुम्ही येऊ नका. वाटी माझ्याजवळ द्या, मामानं पाठवली म्हणून सांगते. तेवढ्यावर तुमची बहीण त्याला खाऊ घालेल."

"वाटी जाईन तं माह्या हातानं जाईन," तो म्हणाला आणि पुन्हा ती नीट गुंडाळायला लागला. "अन् माह्या बहिणीले सांगजा, माह्याबिगर उष्टावण केलं, तं तिले भाऊ नाई. मंग भाऊबीजेले वाट पाहू नको म्हणा."

तो चहा मी तसाच ठेवून आले. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात त्याला ज्या शिव्या दिल्या त्या मॅट्रिकच्या मुलीला येऊ नयेत.

तिला मी सगळं खरं सांगितलं. वाटीचंही सांगितलं. ती विहिरीवर होती, घागर काठावर टेकवून ऐकत होती. भाऊ काय म्हणाला ते ऐकून तिनं एवढंच विचारलं, "बरा दिसे काय तो?" मी म्हटलं, उत्तम. धष्टपुष्ट. तिनं घागर उचलली आणि गेली.

पोळा होऊन थोडे दिवस झाले आणि ब्लॉकचे साहेब येणार असं कळलं. साहेबांबरोबर त्यांच्या मंडळी, आणि एक फोटोवाला. सकस आहाराचं प्रात्यक्षिक करून दाखवायचं होतं. मला वर्दी आली, की खिचडी शिजवून तयार ठेवा, बाईसाहेब आपल्या हातानं एका मुलाला भरवतील. शाळेपुढं रांगोळ्या घातल्या, माझे तक्ते कोनाड्यातून पुन्हा बाहेर निघाले आणि ते उघडं बाळ टोमॅटो घेऊन भिंतीवर जाऊन बसलं.

जीप आली. साहेब देश कसा घडतो आहे त्यावर बोलले. बराच वेळ घडवला त्यांनी. मग बाईसाहेब बोलल्या, की भगिनींनो, तुमची मुलं अशक्त राहतात याचं कारण अज्ञान आहे. माता जागी झाली पाहिजे. समोर बसलेल्या माता पहाटेपासून जाग्या होत्या, त्यातल्या दोघीतिघी तिथंच डुलक्या घेत होत्या.

भरवायला मूल निवडायची वेळ आली. मी खांबाकडं बोट दाखवलं. बाईसाहेबांनी त्या पोराकडं एकदा पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अहो, फोटोत कसं दिसेल ते?" त्यांनी पाटलाच्या घरचा जाडजूड नातू मांडीवर घेतला. तो घरून जेवून आला होता. पहिला चमचा त्यानं बाईसाहेबांच्या पातळावर थुंकला, दुसऱ्याला भोकाड पसरलं. फोटोवाला खोळंबला, साहेब घड्याळ बघायला लागले.

तेव्हा ती उठली. खांबापासून पुढे येईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. मुलगा कडेवर, डोक्यावरचा पदर नीट. ती बाईसाहेबांसमोर खाली बसली, त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली, साधी पितळेची, माझ्याच खोलीतली. सासू बायकांत बसली होती, ती मोठ्यानं म्हणाली, "काय करून राह्यली व तू?" तिकडं जीपजवळ पुरुषांत नवरा उभा होता.

तिनं पोराला मांडीवर आडवं घेतलं, खिचडी बोटानं मऊ केली आणि त्याच्या ओठाला लावली. पोरानं आधी नुसती जीभ फिरवली. मग तिचं बोटच धरून ठेवलं, सोडेना. दुसरा घास, तिसरा घास. तो हुंकारत खात होता आणि तिचे डोळे वाहत होते, आणि ती ते पुसत नव्हती, कारण एका हातात वाटी आणि दुसऱ्या हाताचं बोट पोराच्या तोंडात.

ओसरीतल्या एकूण एक बाईला समजत होतं समोर काय चाललंय. न समजणारी माणसं फक्त जीपमधून आलेली होती. बाईसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. "बघा, किती सोपं आहे," त्या म्हणाल्या. "नुसतं मनात आणलं पाहिजे."

फोटो निघाला. वाटी रिकामी झाली. ती उठली आणि कोणाकडंच न बघता म्हणाली, "सिंदीले जाणारं कोणी असन तं मामाले सांगजा. भाच्याचं तोंड उष्टं झालं."

तो फोटो नंतर ब्लॉकच्या ऑफिसात काचेत लावला होता. खाली बाईसाहेबांचं नाव होतं. तिचा अर्धा चेहरा कापला गेला होता.

सासूनं महिनाभर तोंड फुगवलं आणि नातू भाकर मागायला लागल्यावर सोडून दिलं. नवऱ्याची तर वेगळीच मिजास. बायकोचं माहेर तुटलं याचं त्याला काहीच नव्हतं. मेहुणा हरला, आपण कोणाच्या दारात गेलो नाही, याच खुशीत तो गावभर फिरत होता. मला एकदा रस्त्यात अडवून म्हणाला, "पायलं ना बाई, मी झुकलो काय?" मी त्याला म्हटलं, तुम्ही कशाला झुकाल, तुमच्या वाटणीचं दुसऱ्या कोणी झुकून दिलं. त्याला ते कळलं नाही. ती टॉनिकची बाटली फळीवर तशीच होती.

पोर मात्र अन्नाला लागलं. कण्या, वरण, कुस्करलेली भाकर, कधी केळ. मी जाता येता डोकावायची. आधी पोट उतरलं, मग मांड्या भरल्या, मग एक दिवस भिंतीला धरून उभं दिसलं. सिंदीहून निरोप यायचा तो आला होता, की आता तुला भाऊ नाही. मी तो विषय काढला नाही.

दिवाळीला मी वर्ध्याला घरी गेले आणि भाऊबीजेच्या दिवशी माझ्या भावाला सकाळीच ओवाळून संध्याकाळपर्यंत गावात परतले, दुसऱ्या दिवशी वर्ग होता म्हणून. तिच्या घरावरून जाताना अंगणात दिवा दिसला. अंगण सारवून रांगोळी काढली होती, पाट मांडला होता, पाटावर कोणी नव्हतं. ती ताट घेऊन उभी होती. बीजेची कोर मावळतीला टेकली होती आणि ती तिच्याकडे तोंड करून ओवाळत होती.

ज्यांना भाऊ नाही त्या बाया चंद्राला ओवाळतात. हे मी लहानपणापासून पाहिलं होतं, पण ज्यांचा मेला, ज्यांना झालाच नाही, त्यांच्याकडं. हिचा तर चार स्टेशनं पलीकडं तेल लावून लोडाला टेकून बसला होता आणि त्याच्या कपाटात भाच्याची वाटी होती. मला रडूच आलं, आणि त्याच्या जोडीला अशी चीड आली की तो पाट उचलून सिंदीला नेऊन त्याच्या डोक्यात घालावा.

"वहिनी," मी म्हटलं, "भाऊ आहे ना तुमचा."

"हाय ना," ती म्हणाली. ताट फिरवायचं तिनं थांबवलं नाही. "बरा हाय, तुमीच पाहून आल्या. पण हा येते बिचारा बोलावल्याबिगर. दुपट्टा नाई मागत."

मुलगा तिच्या लुगड्याला धरून उभा होता. तो टाचा उंचावून ताटाकडं हात करत होता. ताटात चंद्रासाठी ठेवलेली करंजी होती. तिनं कोर मावळायची वाट पाहिली नाही, ताट त्याच्या हाताशी खाली आणलं आणि म्हणाली, "घे. तुह्या नव्या मामानं धाडली."